गाडीचा धूर कमी खर्चात कमी करायचा तर आधी काय, मग काय

धूर गाडीच्या मागून निघतो, म्हणून बहुतेक जण इलाजही मागूनच सुरू करतात. सायलेन्सर खोलून साफ करून घेतात, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलतात, टाकीत ‘इंजिन क्लीनर’ची बाटली ओततात. पंधरा दिवस बरं वाटतं आणि गाडी पुन्हा होती तशी होते. बिघाड बहुतेक वेळा पुढे असतो: आत जाणारी हवा, पडणारं इंधन, ठिणगी, ऑइल आणि इंजिनाचं तापमान. तिथलं बिनसलेलं तसंच ठेवून मागे नवा महागडा भाग बसवला, तर काही महिन्यांत तोही वाया जातो.

म्हणून आधी मोजणी, मग फुकटात होणारी कामं, मग स्वस्त सुटे भाग, मग स्कॅनर आणि सगळ्यात शेवटी महागडं काम, हा क्रम पाळा. शहरात चालणारी दुचाकी, कार, टेम्पो, व्हॅन, सगळ्यांना हाच क्रम लागू पडतो. पाच-दहा गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी सातवा टप्पा वेगळा आहे, पण त्यांनीही सुरुवात पहिल्यापासूनच करावी.

## हात लावण्याआधी: नेमकं काय कमी करायचं आहे?

गाडीतून बाहेर पडणाऱ्या घाणीचा डोळ्यांना दिसणारा भाग थोडाच असतो. पेट्रोल गाडीतून कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं इंधन म्हणजे हायड्रोकार्बन, आणि नायट्रोजनची ऑक्साइडं बाहेर पडतात. यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही. डिझेल गाडीत कार्बन मोनॉक्साइड कमी, पण काजळीचे बारीक कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडं जास्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलचा धूर माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकला. त्याच संघटनेने २०२१ मध्ये हवेतल्या पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कणांसाठी वर्षाच्या सरासरीची शिफारस दर घनमीटरला १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ४० वरून १० वर. रहदारीच्या रस्त्याकाठी राहणाऱ्याला हे आकडे गाठणं किती अवघड आहे ते सांगायला नको.

यावरून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पहिली, ‘माझ्या गाडीतून धूर दिसत नाही’ याचा अर्थ गाडी स्वच्छ आहे असा होत नाही. दुसरी, एक वायू कमी करताना दुसरा वाढवू नका. तपासणीत कार्बन मोनॉक्साइड जास्त आलं की कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) असलेल्या गाडीचा स्क्रू फिरवून मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, करायची जुनी सवय आहे. कागदावर आकडा उतरतो. पण मिश्रण फार पातळ झालं की गाडी मिसिंग करते, म्हणजे मधूनमधून सिलिंडरमधलं मिश्रण पेटतच नाही, न जळलेलं पेट्रोल तसंच बाहेर पडतं आणि ज्वलन गरम होऊन नायट्रोजनची ऑक्साइडं वाढतात.

## टप्पा १: आज गाडी कुठे आहे ते लिहून काढा

हा टप्पा सगळ्यात जास्त लोक गाळतात. पान्हा हातात घेण्याआधी वहीच्या एका पानावर चार नोंदी करा.

ॲव्हरेज. टाकी पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरा, किलोमीटरचा आकडा लिहा, नेहमीसारखी गाडी चालवा, पुन्हा पहिल्या ऑटो-कटपर्यंत भरा. पडलेल्या लिटरने किलोमीटरला भागा. असं सलग तीन वेळा करून सरासरी घ्या. एका भरण्यावरून काही ठरवू नका. डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजवरही विसंबू नका, ते बऱ्याच गाड्यांत थोडं खुशामतीचं असतं. हा आकडा प्रदूषणाशी थेट जोडलेला आहे. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो आणि एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. शिवाय ॲव्हरेज अचानक घसरलं की ज्वलनात काहीतरी बिनसल्याची ती पहिली खूण असते.

> सावधान: ऑटो-कटनंतर ‘अजून थोडं बसेल’ म्हणून पेट्रोल ठासू नका. टाकीतली वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा म्हणजे कॅनिस्टर ओल्या पेट्रोलने भिजतो आणि निकामी होतो. मग पेट्रोलची वाफ गाडी उभी असतानाही हवेत जात राहते.

ऑइलची पातळी. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, डिपस्टिक पुसून, पुन्हा घालून बघा. पातळी आणि तारीख लिहा. हजार किलोमीटरनंतर पुन्हा बघा. पातळी दिसण्याइतकी खाली आली असेल तर ऑइल कुठेतरी गळतंय किंवा जळतंय. डिझेलमध्ये पातळी वाढलेली दिसली तर तेही वाईट, त्याबद्दल पुढे.

धुराचा रंग. दोनदा बघायचा: सकाळी पहिल्यांदा इंजिन चालू करताना, आणि गाडी वीसेक मिनिटं चालवून आल्यावर रेस देताना. काळा धूर म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास म्हणजे ऑइल जळतंय. दाट पांढरा धूर, इंजिन तापल्यावरही जात नसेल आणि त्याला गोडसर वास असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये शिरतंय; अशी गाडी चालवू नका. थंड सकाळी पहिल्या मिनिटात दिसून विरणारी विरळ पांढरी वाफ मात्र पाण्याचीच असते, तिच्यामागे लागू नका.

आणखी एक साधी चाचणी. इंजिन पूर्ण थंड असताना पांढऱ्या फडक्याने सायलेन्सरच्या नळीचं तोंड आतून पुसा. कोरडी करडी भुकटी आली तर ठीक. मऊ, काजळासारखी काळी भुकटी भरपूर आली तर मिश्रणात इंधन जास्त आहे. बोटांना चिकट, तेलकट काळं लागलं तर ऑइल जळतंय. ते फडकं टाकू नका, तारीख लिहून ठेवा. दुरुस्तीनंतर पुन्हा पुसाल तेव्हा दोन डाग शेजारी ठेवून बघता येतील.

तपासणीचे आकडे. प्रदूषण तपासणी केंद्रात फक्त ‘पास’ ऐकून परतू नका. पेट्रोल गाडीचे कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे, डिझेलचा धुराच्या घनतेचा आकडा लिहून घ्या. मर्यादेच्या जेमतेम आत असलेली गाडी आणि मर्यादेच्या दहाव्या भागात असलेली गाडी, दोन्ही ‘पास’च असतात. तपासणीला गाडी तापलेली असावी. थंड गाडीचे आकडे काही सांगत नाहीत.

> सावधान: बंद गॅरेजमध्ये किंवा तळघरात इंजिन चालू ठेवून धूर बघत बसू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो काही मिनिटांत जीव घेऊ शकतो.

## टप्पा २: पान्हा न लावता होणारी कामं

टायरमधली हवा. टायर थंड असताना मोजा, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना. आकडा कोणता घ्यायचा, इथे बहुतेकांची चूक होते. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असते. तुमच्या गाडीचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर, दुचाकीत बहुधा चेनच्या कव्हरवर किंवा स्विंगआर्मवर, नाहीतर पुस्तिकेत असतो. सगळ्या टायरांत सरासरी १ पीएसआय हवा कमी झाली की ॲव्हरेज साधारण ०.२ टक्के घसरतं. ऐकायला नगण्य वाटतं, पण तीन-तीन महिने हवा न बघितलेल्या गाडीत ८-१० पीएसआयची तूट सहज सापडते. कमी हवेचा टायर झिजतोही लवकर, आणि ती झीज बारीक कण होऊन रस्त्यावरच्या हवेत मिसळते.

चिकटलेला ब्रेक. सपाट रस्त्यावर दहा मिनिटं चालवा, शेवटी ब्रेक कमीत कमी वापरून थांबा. चारही चाकांजवळ हात न टेकवता तळवा धरून उष्णता ताडून बघा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला ब्रेक सुटत नाही, आणि इंजिन दिवसभर त्या ब्रेकशी झुंजतंय. दुचाकीला मधल्या स्टँडवर घेऊन चाक हाताने फिरवा, लगेच कळतं. चेन कोरडी किंवा फार ताणलेली असेल तर तीही आत्ताच नीट करा.

ओझं आणि कॅरिअर. डिकीतलं महिनोन्‌महिने न लागलेलं सामान काढा. सुमारे ४५ किलो जादा वजनाने ॲव्हरेज टक्काभर कमी होतं, छोट्या गाडीत त्याहून जास्त. टपावरचं कॅरिअर वापरात नसेल तर उतरवा.

टाकीचं झाकण. रबराची रिंग तडकली असेल तर बदला. अगदी किरकोळ भाग आहे, पण पेट्रोलची वाफ रोज तिथून जाते.

तपासून बघा: एवढं झाल्यावर लगेच पुढे जाऊ नका. दोन टाक्या भरेपर्यंत चालवा, ॲव्हरेज पुन्हा लिहा. एकाच दिवशी सगळं बदललं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

## टप्पा ३: हवा, ठिणगी, ऑइल, तापमान

एअर फिल्टर. याबद्दलचा समज थोडा सुधारायला हवा. कार्ब्युरेटरच्या गाडीत फिल्टर चोंदला की हवा कमी, पेट्रोल तेवढंच, आणि काळा धूर सुरू. पण इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत संगणक आत येणारी हवा मोजून त्या हिशेबाने इंधन सोडतो, म्हणून चोंदलेल्या फिल्टरने पिकअप जातो, ॲव्हरेजवर मात्र फारसा परिणाम होत नाही. डिझेलमध्ये, विशेषतः भरलेल्या गाडीत, हवा अपुरी पडली की काजळी वाढते. तेव्हा जुनी दुचाकी आणि डिझेल टेम्पो यांचा फिल्टर आधी बघा.

कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नका. हवेच्या दाबाने साफ करायचाच असेल तर हलक्या दाबाने, आतून बाहेर. बाहेरून आत हवा मारली की धूळ कागदात आणखी रुतते. उजेडासमोर धरा, उजेड आरपार दिसत नसेल तर बदला.

स्पार्क प्लग. काढलेला प्लग स्वतः बघा, गॅरेजवाल्याने फेकून देण्याआधी. टोक फिकट तपकिरी, बिस्किटासारखं असेल तर ज्वलन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. ओलं तेलकट काळं असेल तर ऑइल वर येतंय. पांढरंफटक आणि फोड आल्यासारखं असेल तर मिश्रण पातळ आहे किंवा इंजिन फार तापतंय. चार सिलिंडरचे चार प्लग क्रमाने कागदावर मांडा. चारही सारखे खराब असतील तर दोष सामाईक आहे, एकच वेगळा असेल तर त्या सिलिंडरची कॉइल, वायर किंवा इंजेक्टर बघा. एवढ्या बघण्याने अर्धं निदान होतं. नवा प्लग पुस्तिकेत दिलेल्याच नंबरचा घ्या.

ऑइल. पुस्तिकेतलाच ग्रेड. ‘गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाका’ हा सल्ला सरसकट ऐकू नका. गरजेपेक्षा जाड ऑइलने इंजिनाला जास्त जोर लावावा लागतो. काजळी अडवणारा डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर म्हणजे डीपीएफ असलेल्या गाडीत तर कमी राखेचं ऑइलच लागतं. साध्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साचते आणि ती जाळून जात नाही.

थर्मोस्टॅट. धुराच्या तक्रारीत हा भाग सहसा कुणी तपासत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. पाण्यावर थंड होणारं इंजिन साधारण ९० अंशांच्या आसपास तापलं की नीट चालतं. कूलंटची वाट उघड-बंद करणारा थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिन तेवढं तापतच नाही. संगणकाला वाटतं गाडी अजून थंड आहे, आणि तो जास्त इंधन सोडत राहतो, दिवसभर. वरून काहीच बिघाड जाणवत नाही. उलट ‘आपली गाडी कधी गरम होत नाही’ म्हणून मालक खूश असतो. पंधरा मिनिटं चालवूनही तापमानाचा काटा मधल्या जागी येत नसेल, किंवा मोकळ्या रस्त्याला लागल्यावर खाली उतरत असेल, तर थर्मोस्टॅट बदला. भाग स्वस्त आहे. आणि गाडी एकदा तापल्यावर कुणी थर्मोस्टॅट काढूनच टाकला असेल, तर तो परत बसवून घ्या.

## टप्पा ४: इंजिनचा दिवा आणि स्कॅनर

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिला असेल तर काही दिवसांत तपासून घ्या. तो लुकलुकत असेल तर गाडीवर जोर टाकू नका, शक्य तितक्या लवकर बाजूला घ्या. लुकलुकणं म्हणजे मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतंय, आणि आतली चिनी मातीची जाळी वितळू शकते. काही किलोमीटरच्या घाईत गाडीतल्या सगळ्यात महाग भागांपैकी एक जातो.

गाडीच्या संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा साधा ओबीडी स्कॅनर मोबाइलला जोडता येतो. कोड वाचा, लिहून घ्या, सोबतची नोंद म्हणजे दोष आला त्या क्षणाचा वेग, तापमान, इंजिनाचे फेरे, तीही लिहा. पुसू नका. दिवा घालवायला कोड पुसला की निदानाचा माग जातो, आणि गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही शून्यापासून सुरू होतात.

कोडाचा अर्थ ‘हा भाग बदला’ असा नसतो. पी ०३०० म्हणजे कुठल्याही सिलिंडरमध्ये मिसिंग, पी ०१७१ म्हणजे मिश्रण पातळ, पी ०१७२ म्हणजे मिश्रण दाट, पी ०४२० म्हणजे कन्व्हर्टरचं काम कमी पडतंय असं सेन्सरला वाटतंय. एकाहून जास्त कोड असतील तर या क्रमाने जा:

१. मिसिंग आधी. प्लग, कॉइल, इंजेक्टर.
२. मग हवेची किंवा एक्झॉस्टची गळती.
३. मग ऑक्सिजन सेन्सर, म्हणजे धुरात किती ऑक्सिजन उरला ते मोजणारा भाग.
४. कन्व्हर्टर सगळ्यात शेवटी.

हा क्रम मी पैसे घालवून शिकलो. माझ्या गाडीत पी ०४२० आला, गॅरेजमध्ये कन्व्हर्टर बदलायला सांगितलं, मी बदलला. दोन महिन्यांनी तोच कोड परत. दुसऱ्या एका मिस्त्रीने सकाळी गाडी थंड असताना चालू केली आणि बॉनेट उघडून नुसता ऐकत उभा राहिला. सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या मॅनिफोल्डजवळ हलकी टिक-टिक येत होती, आणि इंजिन तापत गेलं तशी ती विरत गेली. टॉर्च मारल्यावर जोडावर काजळीची काळी रेघ दिसली, पेन्सिलीने ओढल्यासारखी. गॅस्केट फाटलेलं होतं. त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जात होती, ऑक्सिजन सेन्सरला ‘मिश्रण पातळ’ वाटत होतं, आणि संगणक इंधन वाढवत होता. गॅस्केट बदललं, कोड गेला, ॲव्हरेजही वर आलं. जुना कन्व्हर्टर बहुधा चांगला असावा; तो तपासायची संधी मी घालवली होती.

ऑक्सिजन सेन्सर खरंच बिघडला असेल तर मात्र टाळाटाळ करू नका. तीन वायूंवर काम करणारा कन्व्हर्टर हवा आणि पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ च्या आसपास असेल तरच तिन्ही वायू एकदम कमी करतो, आणि ते प्रमाण सेन्सरच सांभाळतो. सेन्सर पूर्ण निकामी असलेली गाडी दुरुस्तीनंतर ४० टक्क्यांपर्यंत जास्त ॲव्हरेज देऊ शकते.

तपासून बघा: प्रत्येक दुरुस्तीनंतर कोड पुसा (आता पुसायला हरकत नाही), आठवडाभर चालवा, पुन्हा वाचा.

## टप्पा ५: डिझेलसाठी वेगळं

काळ्या धुराची तक्रार आली की पंप आणि नोझलचं काम सुचवलं जातं. नोझल खराब असू शकतात, पण त्याआधी टर्बोपासून इंजिनापर्यंतचे हवेचे पाइप बघा. रबरी पाइपला खालच्या बाजूने चीर पडली की दाबाची हवा बाहेर सुटते, इंधन मात्र तेवढंच पडतं, आणि चढावर गाडी काळा धूर ओकते. पाइपवर तेलकट ओल आणि तिला चिकटलेली धूळ दिसली तर तिथेच चीर शोधा. मग एअर फिल्टर, मग काजळीने अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा), आणि मग नोझल. ‘ताकद वाढवून देतो’ म्हणून पंपाचा सील तोडून डिझेल वाढवलेलं असेल तर ते मूळ जागी आणून घ्या. तो धूर म्हणजे तुमचंच न जळलेलं डिझेल आहे.

डीपीएफ असलेल्या गाडीचा शहरात वेगळा त्रास असतो. साचलेली काजळी जाळायला फिल्टर सुमारे ६०० अंशांपर्यंत तापावा लागतो, आणि दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांत तो तापत नाही. गाडी स्वतः सफाई सुरू करते तेव्हा जागेवरचे फेरे थोडे वाढतात, पंखा जोरात चालतो, गरम वास येतो. अशा वेळी घर आलं तरी इंजिन बंद करू नका, आणखी पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवून या. सफाई वारंवार अर्धवट राहिली की जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढते ती यामुळे. असं ऑइल लगेच बदला.

> सावधान: सफाई चालू असताना किंवा नुकती संपल्यावर गाडी वाळक्या गवतावर, पाचोळ्यावर उभी करू नका. डीपीएफ कापून आत मोकळी नळी टाकून घेऊ नका. धूर डोळ्यांना फार दिसणार नाही, पण फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण कित्येक पटींनी वाढतील.

नायट्रोजनची ऑक्साइडं कमी करायला युरियाचं द्रावण लागणाऱ्या डिझेल गाडीत ३२.५ टक्क्यांचं तयार द्रावणच घाला. पाणी मिसळणं, शेतातला युरिया विरघळवून ओतणं, किंवा गाडीला फसवणारं यंत्र बसवणं, यातल्या कशानेही पैसे वाचत नाहीत. इंजेक्टर आणि उत्प्रेरक बदलायची वेळ येते.

## टप्पा ६: चालवण्यातल्या आणि फेऱ्यांतल्या चुका

सकाळी गाडी जागेवर तापवत ठेवणं. इंजेक्शनच्या गाडीला याची गरज नाही. कन्व्हर्टर साधारण २५०-३०० अंशांना पोचेपर्यंत जवळजवळ निष्क्रिय असतो, आणि जागेवर इंजिन फार सावकाश तापतं. ऑइलचा दाब यायला अर्धं मिनिट द्या आणि हलक्या पायाने निघा. पहिली काही मिनिटं रेस देऊ नका. छोट्या फेरीतला बहुतांश विषारी भाग याच सुरुवातीच्या मिनिटांत बाहेर पडतो.

थांबल्यावर इंजिन चालू ठेवणं. दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर पुन्हा चालू करायला लागणाऱ्या इंधनापेक्षा जागेवर जास्त जळतं. सिग्नलवर सेकंद दिसत असतील तर हे सोपं आहे. सरकत्या रांगेत दर पाच सेकंदांनी बंद-चालू करू नका. बॅटरी किंवा स्टार्टर अशक्त असेल तर आधी ते दुरुस्त करा. शाळेच्या फाटकाबाहेर मुलांची वाट बघताना मात्र कोणतीही सबब नको. लहान मुलाचं नाक सायलेन्सरच्या नळीच्या उंचीला किती जवळ असतं, एकदा वाकून बघा.

उतारावर न्यूट्रल. यात पेट्रोल वाचतं असं पिढ्यान्‌पिढ्या ऐकलंय, पण इंजेक्शनच्या गाडीत उलटं घडतं. गियरमध्ये असताना पाय उचलला की संगणक इंधन पूर्ण तोडतो. न्यूट्रलमध्ये इंजिन जिवंत ठेवायला इंधन सोडावंच लागतं. शिवाय इंजिनाचा ब्रेक जातो, चाकांचे ब्रेक तापतात आणि धोका वाढतो.

धावत सुटणं आणि करकचून थांबणं. थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत आक्रमक चालवण्याने ॲव्हरेज १० ते ४० टक्के घटू शकतं. पुढच्या गाडीच्या ब्रेकच्या दिव्याकडे न बघता त्याच्या पुढच्या दोन गाड्यांकडे बघा, आपोआप लवकर पाय उचलाल. ब्रेकची झीजही हवेतच जाते, इलेक्ट्रिक गाडीचीसुद्धा. युरोपीय संघाने २०२४ मध्ये मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर पहिल्यांदाच मर्यादा आणली.

फेऱ्यांचा क्रम. तीन कामं असतील तर सगळ्यात लांबचं आधी करा. इंजिन आणि कन्व्हर्टर नीट तापतात, मग जवळची दोन कामं गरम इंजिनावर होतात. तीन वेगवेगळ्या वेळी निघालात तर तीन थंड सुरुवाती. दीड-दोन किलोमीटरचं काम पायी किंवा सायकलने करणं हा या लेखातला सगळ्यात स्वस्त उपाय आहे, कारण नेमकी तीच फेरी दर किलोमीटरला सगळ्यात घाण असते.

## टप्पा ७: पाच-दहा गाड्या सांभाळणाऱ्यांसाठी

सगळ्या गाड्यांवर थोडा-थोडा खर्च करणं ही इथली मोठी चूक. रस्त्यावर केलेल्या मोजणीत पुन्हा पुन्हा हेच दिसलंय की एकूण प्रदूषणाचा मोठा वाटा मोजक्या बिघडलेल्या गाड्यांचा असतो. म्हणून पहिल्या टप्प्यातल्या नोंदी सगळ्या गाड्यांच्या करा, एकाखाली एक लिहा, आणि सगळ्यात वाईट दोन गाड्यांपासून सुरुवात करा. त्या सुधारेपर्यंत बाकीच्यांना फक्त हवा आणि ऑइल.

मग गाड्या मार्गांवर नीट वाटा. डीपीएफवाली डिझेल व्हॅन लांबच्या, एकसारख्या मार्गावर. दर दोनशे मीटरला थांबणाऱ्या मार्गावर इलेक्ट्रिक किंवा सीएनजी. इलेक्ट्रिक गाडी एकच घेणं परवडत असेल तर ती शहरात रोज सगळ्यात जास्त किलोमीटर धावणाऱ्या मार्गाला द्या. साहेबांच्या दारात दिवसभर उभी राहिली तर धुरात काहीच फरक पडत नाही.

चालकांना दोष देत सुरुवात करू नका. दर महिन्याला प्रत्येक गाडीचं ॲव्हरेज फलकावर लावा आणि वाचलेल्या इंधनातला वाटा चालकाला द्या. पण दोन चालकांची तुलना एकाच मार्गावर, एकाच गाडीवरच करा. गर्दीच्या मार्गावरचा चालक मोकळ्या मार्गावरच्याशी स्पर्धा करू शकत नाही, आणि असा अन्याय झाला की दुसऱ्या महिन्यापासून कुणी खरे आकडे लिहीत नाही.

निळा धूर सोडणाऱ्या गाडीचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, तपासा. ते बरं असेल तर व्हॉल्व्हच्या सील बदलून काम भागू शकतं. कॉम्प्रेशनच गेलं असेल तर इंजिन बांधायचा खर्च आणि गाडीची उरलेली किंमत शेजारी मांडा. मोडीत काढायची ठरली तर खरोखर मोडीतच काढा. दुसऱ्याला विकली की तोच धूर शेजारच्या गल्लीत निघतो.

## टप्पा ८: पुन्हा मोजा, आणि काय विकत घेऊ नये

तीन टाक्यांचं ॲव्हरेज, ऑइलची पातळी, गरम इंजिनाचे तपासणीचे आकडे, पांढरं फडकं. चारही पहिल्या वेळी घेतले तसेच घ्या: तोच मार्ग, जमल्यास तोच ऋतू, एसीचा तेवढाच वापर. उन्हाळ्यात एसी लावून घेतलेलं ॲव्हरेज थंडीतल्याशी ताडून निष्कर्ष काढू नका.

इंधनाच्या पाइपवर बसवायचं चुंबक, हवेच्या वाटेत फिरणारं पातं, पाण्यापासून वायू बनवणारा डबा, ‘मायलेज दुप्पट’ करणाऱ्या गोळ्या, यांवर खर्च करू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभराहून जास्त साधनं तपासली किंवा पडताळली, आणि इंधनात लक्षणीय बचत करणारं एकही सापडलं नाही; काहींनी तर धूर वाढवला. तेवढ्या पैशांत हवा मोजायचा एक चांगला गेज, प्लगचा संच आणि साधा ओबीडी स्कॅनर येतो.

यानंतर हवा दर पंधरा दिवसांनी, ऑइलची पातळी महिन्याला, ॲव्हरेज प्रत्येक टाकीला. ॲव्हरेज सलग दोन टाक्यांत दहा टक्क्यांहून जास्त घसरलं तर धूर दिसायची वाट बघू नका, थेट दुसऱ्या टप्प्यापासून पुन्हा सुरू करा.